‘झायलोकेन अ‍ॅलर्जी’ लिहिण्याआधी: राज्यातील दंतवैद्य, डॉक्टर आणि परिचारिकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या ठिकाणी निरनिराळ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी भूल देते. आदल्या दिवशी रुग्णाला तपासताना त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले जुने कागद बाहेर काढायचे आणि एकेक वाचायचा, हा माझा नेम. त्या कागदांवर, बहुधा वरच्या कोपऱ्यात, लाल शाईने लिहिलेले दोन शब्द मला वारंवार भेटतात: ‘झायलोकेन अ‍ॅलर्जी’. खाली सही नसते. तारीख नसते. नेमकं काय झालं होतं, याची एक ओळसुद्धा नसते. हे पत्र त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आहे.

हे शब्द लिहायला पाच सेकंद लागतात आणि ते माणसाला जन्मभर पुरतात. लिग्नोकेन, म्हणजे आपण ज्याला झायलोकेन म्हणतो ते औषध, वैद्यकात पावलोपावली लागतं. दाढ काढायची असो, कुऱ्हाडीने फाटलेल्या पायाला टाके घालायचे असोत, गळू फोडायचं असो की बाळंतिणीचे टाके असोत, लोकल, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं हे औषध, द्यावंच लागतं. ज्याच्या कागदावर हा शिक्का आहे त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर भूल न देताच काम उरकलं जातं, ‘जरा सोसा, दोनच मिनिटं’ असं म्हणत. नाही तर छोट्याशा कामासाठी त्याला पूर्ण भूल देऊन झोपवलं जातं. कमरेतल्या सुईत वापरतो ते बुपिवाकेन याच कुळातलं, त्यामुळे सिझरसाठी आलेल्या बाईच्या कागदावर हे शब्द असले की कमरेत सुई द्यायला कुणी धजावत नाही. पूर्ण दिवसांच्या गरोदर बाईला झोपवून भूल देणं हे कमरेत सुई देण्यापेक्षा जास्त जोखमीचं आहे. श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाऊ शकतं, पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. ही जोखीम कुणाच्या तरी पाच सेकंदांच्या लिखाणामुळे तिच्यावर येते.

आणि हे सगळं बहुतेक वेळा विनाकारण. लोकलची अ‍ॅलर्जी म्हणून जेवढे प्रसंग सांगितले जातात, त्यांतली खरी अ‍ॅलर्जी शंभरात एकाचीही निघत नाही. मग बाकीच्यांना काय झालेलं असतं?

मध्यंतरी हातावरची गाठ काढायला एक बाई आल्या. वय चाळिशीच्या पुढे, शेतमजुरी करणाऱ्या. कागदावर तेच दोन शब्द. मी विचारलं, ‘ताई, तेव्हा नक्की काय झालं होतं ते सांगा बरं, अगदी सकाळपासून.’ त्या दिवशी संकष्टी होती. पोटात चहाशिवाय काही नाही. पहाटेच्या एसटीने आल्या, केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिल्या, नंबर लागायला दुपार झाली. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्या. सुई बघूनच हातपाय गार पडले. सुई आत गेली आणि काही क्षणांत छातीत धडधडायला लागलं, हात थरथरले, मग डोळ्यांपुढे अंधारी आली. आडवं निजवलं, तोंडावर पाणी मारलं, दहा मिनिटांत उठून बसल्या. अंगावर गांधी उठल्या होत्या का? नाही. खाज? नाही. ओठ, जीभ सुजली? नाही. धाप लागली, छातीत सुईं-सुईं वाजलं? नाही. तिथे कुणी नाडी मोजली होती का? त्यांना आठवत नव्हतं, कागदावरही नव्हती. त्यानंतर त्यांनी दोन दाढा दुसरीकडे काढून घेतल्या, भूल न घेता. ‘तुम्हाला चालत नाही ना,’ असं तिथे सांगितलं होतं. त्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

या बाईंना झालं ते नीट मांडून बघा. आधीची धडधड आणि थरथर ही लिग्नोकेनमध्ये मिसळलेल्या अ‍ॅड्रेनलिनची. दातांच्या कामात आपण १:८०,००० चं, म्हणजे ऐंशी हजार भागांत एक भाग अ‍ॅड्रेनलिन असलेलं, मिश्रण वापरतो, सुईचं टोक एखाद्या बारीक रक्तवाहिनीत असलं तर ते थेट रक्तात जातं आणि हृदय धावायला लागतं. हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे, मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. पुढची अंधारी म्हणजे उपाशीपोटी, भेदरलेल्या माणसाला येते ती घेरी. चेहरा पांढराफटक, दरदरून घाम, अंग गार, नाडी मंद. आडवं करून पाय वर केले की माणूस सावरतो. दोन्हींत अ‍ॅलर्जीचा काही संबंध नाही.

खरी तीव्र अ‍ॅलर्जी वेगळी दिसते. अंगावर गांधी उठतात, तळहाताला आणि टाळूला खाज सुटते, ओठ-पापण्या सुजतात, आवाज बसतो, छाती आवळते, उलटी होते, रक्तदाब पडतो आणि नाडी सहसा मंद न होता जोरात धावते. काही रुग्णांत गांधी दिसतच नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. पण त्वचेवर काही नाही, श्वास स्वच्छ, नाडी मंद आणि निजवल्यावर बरं वाटलं, असं चित्र असेल तर त्याला अ‍ॅलर्जी म्हणू नका.

तिसरी गोष्ट आहे ती लोकलची मात्रा जास्त झाल्याने होणाऱ्या विषबाधेची, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण ती आपल्या हातून होते आणि तिलाही आपण अ‍ॅलर्जी म्हणून मोकळे होतो. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घूं-घूं, बरळणं, मग स्नायू उडणं आणि झटका. त्याहून जास्त झालं तर हृदय बंद. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं बहुतेक ठिकाणी मानतात. काही जण ३ वरच थांबतात, आणि अशक्त, वयस्क किंवा यकृताच्या रुग्णात तेच बरोबर. ५० किलोच्या बाईला म्हणजे साधारण ११ मिली. १५ किलोच्या मुलाला मात्र साडेतीन मिलीही नाहीत. ३० मिलीची बाटली समोर असताना आणि मूल रडत असताना हा हिशेब चुकायला वेळ लागत नाही. मोठ्या जखमेला जास्त औषध लागणार असेल तर तेच औषध सलाईनमध्ये मिसळून १ टक्का करा, दुप्पट जागा बधिर होईल. आणि प्रत्येक वेळी ढकलण्याआधी सिरिंज मागे ओढून बघा. एवढं करूनही झटका आलाच तर ऑक्सिजन, झटका थांबवणारं औषध आणि २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं द्रावण, किलोमागे दीड मिली, शिरेतून. जिथे मोठ्या मात्रेत लोकल वापरलं जातं तिथे ही बाटली हाताशी हवी. बहुतेक ठिकाणी ती नसते.

अ‍ॅलर्जीची भीती आली कुठून, तेही सांगते. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब घालून लोकल भुलीची सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आलं, नोव्होकेन या नावाने जगभर चाललं. प्रोकेनच्या कुळातली, म्हणजे एस्टर गटातली औषधं शरीरात मोडतात तेव्हा त्यातून पॅरा-अमिनो बेन्झोइक आम्ल तयार होतं, आणि त्याची अ‍ॅलर्जी होणारी माणसं खरोखर होती. ही भीती त्या काळची. लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं, १९४८ मध्ये ते बाजारात आलं. ते अमाइड गटातलं, मोडण्याची रीतच निराळी, ते आम्ल त्यात तयार होत नाही. आज आपण टोचतो ती जवळजवळ सगळी औषधं अमाइड आहेत: लिग्नोकेन, बुपिवाकेन, रोपिवाकेन, दंतवैद्यांचं आर्टिकेन. एका गटाची अ‍ॅलर्जी असली तरी दुसरा गट सहसा चालतो.

मात्र बाटलीत औषध एकटं नसतं. आपण वापरतो त्या मोठ्या, अनेकदा टोचायच्या बाटलीत टिकवण्यासाठी मिथाइलपॅराबेन घातलेलं असतं. त्याची रचना त्या जुन्या आम्लाच्या जवळची आहे, त्यामुळे क्वचित कुणाला खरी अ‍ॅलर्जी झालीच तर ती पॅराबेनची असू शकते. अ‍ॅड्रेनलिनवाल्या बाटलीत मेटाबायसल्फाइट हा टिकवण्यासाठीचा सल्फाइट असतो. त्याने काही दमेकऱ्यांची छाती भरून येऊ शकते. इथे एक गोंधळ मी दर महिन्याला बघते: रुग्ण सांगतो, ‘मला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे’ आणि अ‍ॅड्रेनलिनवालं लोकल टाळलं जातं. सल्फाच्या गोळ्या आणि सल्फाइट यांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय हातमोज्यांचं रबर, दातांना लावलेलं जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन, तासाभरापूर्वी दिलेलं अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक, हे सगळे खरे संशयित असतात. लाल शाईत नाव मात्र झायलोकेनचंच लिहिलं जातं, कारण सुई शेवटची दिली होती.

केसांना काळी मेंदी किंवा डाय लावून ज्यांचं कपाळ सुजतं, अशांना तोंडातल्या जखमेवर लावायच्या बेन्झोकेन जेलचाही त्रास होऊ शकतो. बेन्झोकेन एस्टर गटातलं आहे. तेव्हा दंतवैद्यांनी औषधांबरोबर केसांच्या डायबद्दलही विचारावं. त्या रुग्णाला लिग्नोकेन टोचायला त्यामुळे अडचण नाही.

आता टेस्ट डोसबद्दल. आपल्याकडे कितीतरी वॉर्डांत दर रुग्णाच्या हाताच्या कातडीत लिग्नोकेनचा एक थेंब टोचून, भोवती पेनाने गोल काढून, पंधरा मिनिटांनी बघायची पद्धत आहे. केसपेपरवर तशी नोंद केल्याशिवाय परिचारिका औषध काढून देत नाहीत. या पद्धतीमागे कोर्टकचेरीची भीती आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती भीती खोटी नाही. पण ज्याला पूर्वी कधी त्रास झालेला नाही त्याच्यात ही टेस्ट काही सांगत नाही. कातडीत कुठलाही द्रव टोचला की थोडा फुगवटा आणि लाली येते. ती बघून ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं की एक धडधाकट माणूस जन्माचा अ‍ॅलर्जीवाला होतो. उलट टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून पुढे काही होणारच नाही, अशी हमीही मिळत नाही. बरं, टेस्ट करतो कशाने? ट्रेमधल्या त्याच पॅराबेनवाल्या बाटलीने. माझी विनंती आहे की पूर्वेतिहास नसलेल्या रुग्णांत ही टेस्ट बंद करा आणि ती पंधरा मिनिटं रुग्णाशी बोलण्यात घाला. खाल्लंय का, आधी कधी घेरी आली होती का, दमा आहे का, बीपीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. यातून टेस्टपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

पूर्वेतिहास असलेल्या रुग्णाची तपासणी करायची रीत वेगळी आहे. पॅराबेन आणि अ‍ॅड्रेनलिन नसलेलं औषध घेतात. आधी कातडीवर थेंब ठेवून टोच, मग पातळ केलेलं कातडीत, मग त्वचेखाली वाढत्या मात्रेने, मध्ये थांबत थांबत, नेहमीच्या मात्रेपर्यंत. हे सगळं सलाईन लावून, मॉनिटर लावून, अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून. दवाखान्याच्या खुर्चीत हे करू नये. वर सांगितलेल्या बाईंची तपासणी अशीच शहरातल्या रुग्णालयात झाली, काहीही झालं नाही, आणि मग त्यांची गाठ साध्या लोकलवर काढली. नवीन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं की यांना लिग्नोकेन चालतं. ती चिठ्ठी त्यांनी बाकीच्या कागदांच्या वर ठेवली.

खरी अ‍ॅलर्जी झाली तर काय करायचं, यावर मला ठामपणे बोलायचं आहे. आपल्याकडे हात आधी खाजेवरच्या अ‍ॅव्हिलकडे जातो, मग स्टिरॉइडकडे, आणि अ‍ॅड्रेनलिनची अँप्यूल ट्रेमध्ये तशीच पडून राहते. हा क्रम जीव घेतो. श्वास अडतोय, रक्तदाब पडतोय असं दिसलं की पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन: १ मिलीच्या अँप्यूलमधलं अर्धा मिली, मोठ्या माणसाला, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. लहान मुलाला किलोमागे ०.०१ मिली. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. रुग्णाला आडवं ठेवायचं, उठवून चालवायचं नाही. अ‍ॅव्हिलने खाज कमी होते, श्वासनलिकेची सूज उतरत नाही. स्टिरॉइडला काम करायला तास लागतात. आणि शक्य असेल तिथे पहिल्या दोन तासांत रक्त काढून ट्रिप्टेज, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीत रक्तात वाढणारा घटक, तपासायला पाठवा. अ‍ॅलर्जी होती की नव्हती, याचा त्याच्याइतका पुरावा नंतर कुठूनही मिळत नाही.

लाल शिक्क्याची भीती शिक्का नसलेल्यांपर्यंतही पोचते. प्रसूतिगृहात टाके घालताना लोकल न देणं, किंवा देऊन त्याचा अंमल बसायच्या आतच सुई चालवणं, अजून चालतं. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आत्ताच एवढ्या कळा सोसल्यात, याचं काय’, किंवा ‘टेस्ट कुठे केलीय’. २०१७ मध्ये केंद्राने प्रसूतिगृहांसाठी लक्ष्य कार्यक्रम आणला, त्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवण्याचा मुद्दा आहे. तो सन्मान टाक्यांच्या वेळीही हवा. लिग्नोकेन टोचल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, चिमट्याने हळूच तपासा, मगच सुई घाला. औषध आत जाताना झोंबतं ते आम्लधर्मी असतं म्हणून. दहा भाग लिग्नोकेनला एक भाग सोडा-बाय-कार्ब मिसळला आणि सावकाश टोचलं तर ते झोंबणंही बरंच कमी होतं.

दुखऱ्या दाढेवर किंवा पिकलेल्या गळवावर लोकल चढत नाही, हीही रोजची तक्रार. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि औषध मज्जातंतूच्या आत शिरत नाही. रुग्णाला वाटतं, मला भूलच लागत नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा टोचतात, मात्रा वाढत जाते, आणि विषबाधेची वेळ येते ती इथे. सुजेच्या मागे, दूरवर, मज्जातंतूच्या मुळाशी द्या. तरीही नाही चढलं तर आजचा दिवस औषधं देऊन थांबा. रुग्णाला दरडावून गप्प बसवू नका.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या रुग्णांची नाडी, रक्तदाब, घाम, धाप तासातासाला लिहून ठेवली. त्या नोंदींतून विंचूदंशाचा उपचार बदलला, जगभरच्या वैद्यकाने त्याची दखल घेतली. त्यांच्याकडे तेव्हा फारशी साधनं नव्हती. त्या मानाने मी मागते ते फार थोडं आहे. काय दिलं, कुठल्या बाटलीतलं, किती मिली, अ‍ॅड्रेनलिन होतं का, त्यानंतर किती मिनिटांनी काय झालं, नाडी किती, रक्तदाब किती, अंगावर काही उठलं का, काय दिल्यावर बरं वाटलं. सहा ओळी. खाली नाव आणि तारीख. निदान ठाऊक नसेल तर ‘संशयित’ लिहा. आता हे कागद संगणकावर चढत आहेत. तिथे एकदा ‘अ‍ॅलर्जी’च्या चौकटीत खूण झाली की ती पुसायला कुणी तयार होत नाही. खरी रिअ‍ॅक्शन वाटली तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाला कळवा. फॉर्म साधा आहे, १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे, आणि कळवणाऱ्यावर त्यातून कारवाई होत नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाकडे माझी एकच मागणी आहे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस, भूलशास्त्र आणि त्वचारोग विभागाने मिळून, लोकलच्या अ‍ॅलर्जीचा शिक्का असलेल्या रुग्णांची तपासणी करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांनी आपले असे रुग्ण तिथे पाठवावेत. नवीन यंत्रसामग्री लागत नाही. पॅराबेन नसलेली अँप्यूल, मॉनिटर, अ‍ॅड्रेनलिन आणि एक सकाळ एवढंच लागतं. सध्या तालुक्याच्या रुग्णाला कुठे पाठवायचं, याचं उत्तर मला दर वेळी ओळखीने शोधावं लागतं.

ही तपासणी सुरू होईपर्यंत, माझ्या तालुक्यातल्या कुठल्याही दंतवैद्याकडे किंवा आरोग्य केंद्रात असा लाल शिक्क्याचा रुग्ण आला तर त्याला भूल न देता हात लावू नका. मला निरोप पाठवा. संध्याकाळी शस्त्रक्रिया आटोपल्या की मी येऊन त्याची सगळी हकीकत विचारीन, लेखी मत देईन आणि तपासणी लागणार असेल तर पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरवीन.

आपली,
एक भूलतज्ज्ञ